घरबसल्या स्वयंसेवा: विद्यार्थ्यांनी इंटरनेटवर काय करायचं, कसं करायचं आणि कुठे थांबायचं

इंटरनेटवर जी माहिती फुकट मिळते, तिच्यामागे बहुतेक वेळा कुणीतरी फुकटात केलेलं काम असतं. ते काम करणाऱ्यांत विद्यार्थी अगदी सुरुवातीपासून आहेत. 1971 साली इलिनॉय विद्यापीठात शिकणाऱ्या मायकेल हार्टला तिथला मोठा संगणक वापरायची मुभा मिळाली, तेव्हा त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप करून इतरांसाठी ठेवून दिला. प्रोजेक्ट गटेनबर्ग हा मोफत ई-पुस्तकांचा संग्रह तिथून सुरू झाला. 2004 मध्ये लंडनमध्ये शिकत असलेल्या स्टीव्ह कोस्टने ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे कुणीही वापरावा आणि कुणीही भर घालावी अशा नकाशाचा, पाया घातला. ऑक्सफर्डमध्ये संशोधन करणारा केविन शाविन्स्की हा विद्यार्थी सुमारे 50,000 दीर्घिकांची चित्रं एकट्याने डोळ्यांखालून घालून दमला, आणि उरलेली लाखो चित्रं सरळ लोकांपुढे ठेवायची कल्पना निघाली. जुलै 2007 मध्ये सुरू झालेल्या त्या गॅलक्सी झू प्रकल्पात पहिल्याच वर्षी सुमारे दीड लाख लोकांनी मिळून पाच कोटींहून जास्त नोंदी केल्या.

म्हणून विद्यार्थ्यांची स्वयंसेवा आणि लोकांना माहिती मिळण्याची सोय हे दोन वेगळे विषय आहेत असं मला वाटत नाही. एकाच्या श्रमातून दुसऱ्याची सोय होते.

बदललं काय, तर कामाचा आकार. पूर्वी स्वयंसेवेसाठी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी जावं लागायचं; तिथे कुणीतरी जाणतं माणूस असायचं आणि ‘हे असं नको, तसं कर’ हे तिथल्या तिथे सांगायचं. आता काम वीस मिनिटांच्या तुकड्यांत फोनवर येतं, पण चूक दाखवणारं माणूस शेजारी नसतं. पहिल्या गोष्टीचं कौतुक भरपूर होतं. दुसरीवरच सगळं घोडं अडतं, आणि पुढच्या पायऱ्या बऱ्याचशा त्यासाठीच आहेत.

पायरी 1: आपल्याजवळ काय आहे ते आधी बघा

संस्था शोधण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा: आठवड्यातून खात्रीने किती वेळ देता येईल, फोन आहे की संगणक, कोणत्या भाषा नीट येतात, आणि कोणत्या विषयातली चूक आपल्या नजरेला चटकन दिसते.

वेळेबाबत कंजूषपणाच करा. परीक्षेच्या महिन्यातही जो तास देता येईल तोच खरा तास. सुट्टीच्या उत्साहात दहा तास कबूल करून तिसऱ्या आठवड्यात गायब होणारे स्वयंसेवक कोणत्याही प्रकल्पाला नको असतात, कारण त्यांची अर्धवट कामं शोधून काढण्यातच दुसऱ्यांचा वेळ जातो. फोनवर वाचन, वर्गीकरण, आवाज नोंदवणं ही कामं होतात. नकाशा आखायचा किंवा लांब मजकूर तपासायचा तर संगणक आणि शक्यतो माऊस हवा.

भाषा ही विद्यार्थ्यांना सगळ्यात कमी महत्त्वाची वाटणारी आणि प्रत्यक्षात सगळ्यात मौल्यवान शिदोरी आहे. इंग्रजी विकिपीडियावर एखादी चूक झाली तर ती दुरुस्त करायला पुष्कळ लोक आहेत. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे, पण तिथे नियमित काम करणारे हात फार थोडे. त्यामुळे तिथल्या एका चांगल्या लेखाचं वजन बरंच जास्त, आणि एका वाईट लेखाचंही.

त्या वाईट बाजूचं उदाहरण स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं. 2020 च्या ऑगस्टमध्ये उघडकीला आलं, की त्या विकिपीडियावरचे हजारो लेख अमेरिकेतल्या एका किशोरवयीन मुलाने लिहिले होते आणि त्याला स्कॉट्स येतच नव्हती. इंग्रजी वाक्यांतले शब्द बदलून, स्पेलिंग वाकवून तो वर्षानुवर्षं लेख टाकत राहिला. हेतू चांगला होता, मेहनत तर विचारूच नका. पण ती भाषा बोलणाऱ्यांना स्वतःच्याच विश्वकोशात एक नकली भाषा वाचावी लागली. आज मशीन भाषांतर आणि एआयमुळे हेच एका दुपारी करता येतं. साधा नियम ठेवा: ज्या भाषेतलं वाक्य मोठ्याने वाचून तुम्ही ‘असं कुणी बोलत नाही’ हे ओळखू शकत नाही, त्या भाषेत योगदान देऊ नका. आणि मराठीत देताना यंत्राने दिलेला मजकूर शब्दन्‌शब्द तपासल्याशिवाय चिकटवू नका.

पायरी 2: कामाचा प्रकार निवडा

आधी एकच निवडा. खाली प्रकार सांगतो, पण ही यादी पूर्ण नाही.

अगदी सोपी सुरुवात हवी असेल तर वर्गीकरणाची कामं. गॅलक्सी झूमधूनच पुढे झूनिव्हर्स हे व्यासपीठ उभं राहिलं. तिथे जंगलातल्या कॅमेऱ्यात आलेला प्राणी ओळखणं, जुन्या हस्तलिखित नोंदी उतरवून घेणं अशी कामं असतात. एकच चित्र अनेकांना दाखवलं जातं आणि त्यांची उत्तरं जुळतात का ते पाहिलं जातं, त्यामुळे तुमची एखादी चूक एकटी निकाल बिघडवत नाही. नवख्या माणसाला ही मोठी सवलत आहे. पक्षी, झाडं, किडे यांची आवड असेल तर आयनॅचरलिस्टवर फोटोसह नोंद टाकता येते. हा प्रकल्पही मुळात 2008 मध्ये बर्कलीतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघाला.

आवाज द्यायचा असेल तर मोझिलाचा कॉमन व्हॉइस आहे. पडद्यावर आलेलं वाक्य तुम्ही वाचायचं, दुसरे ते ऐकून बरोबर की चूक सांगतात. मराठीही तिथे आहे. आपल्या बोलीचा हेल लपवून ‘पुस्तकी’ वाचू नका. यंत्राला वेगवेगळे हेल कळावेत यासाठीच तर हा खटाटोप.

दृष्टिहीन व्यक्तींना व्हिडिओ कॉलवरून मदत करणारं बी माय आइज हे ॲप 2015 पासून चालू आहे. डब्यावरची तारीख वाचून दाखवणं, दोन शर्टांतला निळा कोणता ते सांगणं अशी दोन-तीन मिनिटांची कामं. इथे एक पथ्य पाळा: दिसतं ते सांगा, सल्ला देऊ नका. औषधाच्या बाटलीवर काय छापलंय ते वाचा. ‘घ्यायला हरकत नाही’ हे म्हणणं तुमचं काम नाही.

संस्थांना हवं असलेलं भाषांतर, संपादन, डिझाइन, माहिती संकलन अशी ठरावीक मुदतीची कामं संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातून ऑनलाइनही मिळतात, पण त्यासाठी वय 18 पूर्ण लागतं. मानसिक आधार देणाऱ्या चॅट-सेवांकडे मात्र प्रशिक्षणाशिवाय वळू नका. तिथे चुकलेलं वाक्य खोडता येत नाही.

राहिले नकाशे. 12 जानेवारी 2010 ला हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा कामाचा असा खुला नकाशाच नव्हता. जगभरातल्या लोकांनी उपग्रहचित्रं पाहून रस्ते आणि इमारती आखल्या आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. त्यातूनच ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था आकाराला आली. 2014 मध्ये रेडक्रॉस संस्था आणि डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेसोबत मिसिंग मॅप्स हा उपक्रम सुरू झाला, आणि 2015 मध्ये विद्यापीठांतल्या गटांसाठी यूथमॅपर्स.

हे काम दिसतं सोपं. प्रकल्प उघडला की नकाशावर चौकोन दिसतात. एक चौकोन आपल्या नावावर घ्यायचा, तेवढ्या भागातली घरं आखायची, जतन करायचं, चौकोन सोडायचा. घराच्या कोपऱ्यांवर एकेक बिंदू देत आकार बंद केला, ‘इमारत’ हा प्रकार निवडला आणि कीबोर्डवर क्यू (Q) दाबलं की कोपरे काटकोनात येतात. नवशिके हमखास चुकतात ते इथे: उपग्रहाने फोटो तिरका घेतलेला असतो, त्यामुळे उंच इमारतीचं छत तिच्या पायापासून सरकलेलं दिसतं. आखायचा असतो पाया. छताचा आकार आखून झाल्यावर तो तसाच उचलून खाली, पायाच्या जागी सरकवावा. दुसरी चूक म्हणजे चिकटून असलेली चार घरं एका मोठ्या चौकोनात कोंबणं. त्या नकाशावरून कुणी लसींचा अंदाज काढणार असेल तर चार कुटुंबांचं एक झालं. झाडाची सावली की घर हे कळत नसेल तर आखू नका. चौकोन सोडताना टिपणात तसं लिहा. पाठीमागे तपासणारा माणूस असतो, त्याला तुमची शंका तुमच्या अंदाजापेक्षा जास्त उपयोगी पडते.

पायरी 3: संस्था पारखून घ्या

स्वयंसेवेच्या नावाखाली फसवणूकही चालते. नोंदणीसाठी पैसे मागितले, ओळखपत्राची प्रत फक्त मेसेजिंग ॲपवर मागवली, काम काय आहे ते सांगण्याआधी प्रमाणपत्राचा नमुना दाखवला, तर तिथून निघा. पण सगळं इतकं ढळढळीत नसतं. मग पारखायचं कसं?

स्टॅनफर्डमधल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये मांडलेला अभ्यास इथे कामाला येतो. त्यांनी 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे 25 पदवीचे विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळांची विश्वासार्हता ठरवायला दिली. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकारही त्याच पानावर रेंगाळले: देखणा लोगो, ‘आमच्याविषयी’ हे पान, नावाच्या शेवटचं डॉट ऑर्ग. तथ्यतपासनीस मात्र पान जेमतेम पाहून बाहेर पडले, नव्या टॅब उघडल्या आणि बाकीचे या संस्थेबद्दल काय म्हणतात ते पाहिलं. त्यांना उत्तर लवकरही मिळालं आणि बरोबरही. तुम्ही तेच करा. संस्थेचं नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा, मग नावासोबत ‘तक्रार’, ‘फसवणूक’, ‘चौकशी’ हे शब्द जोडून पुन्हा शोधा. तिच्या स्वतःच्या पानांवरचं सोडून काय मिळतं ते वाचा.

आणखी एक प्रश्न क्वचितच कुणी विचारतं: आपण फुकटात दिलेलं काम शेवटी कुणाच्या मालकीचं होणार? नव्वदच्या दशकात हजारो लोकांनी आपापल्या सीडींमधल्या गाण्यांच्या याद्या सीडीडीबी या सामायिक संग्रहात हौसेने भरल्या. पुढे तो संग्रह विकला गेला, ग्रेसनोट नावाची व्यापारी कंपनी झाली आणि वापरावर अटी आल्या. चिडलेल्या लोकांनी मग म्युझिकब्रेन्झसारखे खुले संग्रह उभे केले. म्हणून आधीच बघा: काम कोणत्या परवान्याखाली जाहीर होणार आहे? क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा खुला परवाना असेल तर उद्या संस्था बुडाली तरी तुमचं काम दुसरा कुणी पुढे नेऊ शकतो. परवान्याचा उल्लेखच नसेल तर विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

पायरी 4: पहिलं काम सावकाश करा – विकिस्रोतावरच्या एका पानाचं उदाहरण

मराठी वाचता येणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला पहिलं काम म्हणून मी विकिस्रोत सुचवेन. हक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं तिथे असतात. यंत्राने, म्हणजे ओसीआरने, त्यांचा काढलेला मजकूर शेजारी असतो. तुम्ही दोन्ही ताडून मजकूर दुरुस्त करायचा. एवढं झालं की जे पान आजवर फक्त फोटो होतं, ते शोधता येतं, दृष्टिहीन वाचकाला ऐकता येतं, फोनवर मोठ्या अक्षरात वाचता येतं.

आधी खातं उघडा आणि धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठी ठेवलेल्या पानावर, हात चालवून घ्या. मग एखादं पुस्तक निवडा आणि लाल रंगात दिसणारं, म्हणजे अजून कुणी न तपासलेलं पान उघडा.

पहिलं वाचन अर्थासाठी करू नका. एकेक ओळ चित्रात पाहा, मग मजकुरात. अर्थ लागला की डोळा चूक गिळतो. ओसीआर कुठे घसरतं याची थोडी सवय लागते: ध आणि घ, भ आणि म, थ आणि य, ष आणि प यांची अदलाबदल, उडालेले अनुस्वार, ‘ऱ्या’चा झालेला ‘र्या’, आणि ओळीच्या शेवटी तोडलेला शब्द, जो मधली रेघ काढून जोडायचा असतो. पानाच्या माथ्यावर छापलेलं पुस्तकाचं नाव आणि पृष्ठांक मुख्य मजकुरात ठेवायचे नसतात, त्यांची जागा वेगळी असते.

आणि आता खरी परीक्षा. जुन्या पुस्तकात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तें’, ‘केलें’ असे अनुस्वार दिसतील. शाळेत शिकलेला हात ते खोडायला शिवशिवतो. खोडू नका. ते छपाईचे दोष नव्हेत. 1962 च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढण्यापूर्वी मराठी तशीच लिहिली जायची. तुमचं काम छापलेलं जसंच्या तसं उतरवण्याचं आहे, लेखकाचं शुद्धलेखन सुधारण्याचं नाही. उद्या कुणी मराठी लेखनाच्या बदलांचा अभ्यास करेल तेव्हा तुमची ‘सुधारणा’ त्याची दिशाभूल करेल.

पान झालं की त्याची स्थिती ‘मुद्रितशोधन झालं’ अशी निवडा; पान पिवळं होतं. हिरवं होण्यासाठी दुसऱ्याच कुणीतरी ते तपासावं लागतं. तुम्ही पिवळं केलेलं पान तुम्हालाच हिरवं करता येत नाही. मला ही रचना फार आवडते. शेजारी बसून चूक दाखवणारं माणूस हरवलं असं वर म्हटलं, ते इथे नियम बनून परत येतं. कुठल्याही ऑनलाइन कामाची निवड करताना अशी दुसऱ्या नजरेची सोय आहे का, ते पाहा. नसेल तर एका मित्राला सोबत घ्या आणि एकमेकांची पानं तपासा.

पहिली दोन-तीन पानं झाल्यावर लगेच पन्नासावर उडी मारू नका. तपासणाऱ्याने काय बदललं ते त्या पानाच्या इतिहासात दिसतं. ते वाचा. शिकायचं ते तिथेच आहे.

पायरी 5: माहिती शोधायची सवय बदला

स्वयंसेवकाला दुसऱ्यासाठी माहिती काढावी लागते, तेव्हा ‘पहिल्या निकालावर क्लिक’ ही सवय पुरत नाही. एआयने शोधाच्या माथ्यावर दिलेलं आयतं उत्तरही वाट दाखवण्यापुरतं घ्यावं. ज्या मूळ पानावरून ते आलं ते उघडल्याशिवाय पुढे पाठवू नये.

मराठीत शोधताना एक जादा कटकट असते. एकच शब्द अनेक प्रकारे लिहिला जातो: इंटरनेट आणि इन्टरनेट, हिंदी आणि हिन्दी, नाही आणि नाहीं. म्हणून दोन-तीन रूपांनी शोधा. त्याहून मोठी अडचण डोळ्यांना दिसत नाही. कितीतरी जुन्या मराठी फाइली श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फाँटमध्ये आहेत. पडद्यावर मराठी दिसते, पण आत संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते. शोधयंत्राला त्यात काहीच सापडत नाही. अशी एखादी उपयोगाची फाइल मिळाली तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलणं आणि बदललेला मजकूर मुळाशी ताडून पाहणं हेच एक स्वयंसेवेचं काम आहे. हे काम कुठल्याच यादीत नसतं आणि गरज मात्र सगळीकडे असते.

शोधनिबंधापुढे पैशांची भिंत आली तर परत फिरू नका. बऱ्याच निबंधांची लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत कायदेशीरपणे मोफत असते. भौतिकशास्त्र आणि गणितासाठी 1991 पासून चालणारं अर्काइव्ह (arXiv), वैद्यकासाठी 2000 पासूनचं पबमेड सेंट्रल, आणि मुक्त नियतकालिकांची डीओएजे ही सूची आधी पाहा. अनपेवॉल हे ब्राउझरमध्ये बसवलं तर मोफत प्रत असल्यास तेच सांगतं. काहीच नाही मिळालं तर लेखकाला चार ओळींचं पत्र लिहा: मी कोण, निबंध कोणता, कशासाठी हवा. अनेक संशोधक आनंदाने प्रत पाठवतात. नाहीसं झालेलं संकेतस्थळ हवं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाका. आणि तुम्ही वापरत असलेलं महत्त्वाचं पान आजच तिथे जतन करून ठेवा, म्हणजे उद्या ते उडालं तरी पुरावा राहील.

पायरी 6: आणीबाणीत माहितीचं वय मोजा

हैतीच्या भूकंपानंतर बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या फ्लेचर स्कूलच्या विद्यार्थ्यांनी उशाहिदी या केनियात जन्मलेल्या व्यासपीठावर मदतीचा नकाशा चालवला. लोक 4636 या क्रमांकावर क्रेओल भाषेत एसएमएस पाठवत, परदेशात राहणारे हैतीवासी त्यांचं भाषांतर करत आणि नकाशावर जागा निश्चित होत असे. कोविडच्या साथीत ठिकठिकाणच्या विद्यार्थ्यांनी खाटा, प्राणवायू, रक्तद्रव यांच्या याद्या सांभाळल्या. कुणी म्हणेल, दूर बसून हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तसंही होतं कधीकधी. यादी जिवंत ठेवली नाही की हमखास होतं.

अशा वेळी खोट्या माहितीइतकाच त्रास कालच्या खऱ्या माहितीचा होतो. सकाळी उपलब्ध असलेलं दुपारी संपलेलं असतं आणि मेसेज मात्र चार दिवस फिरत राहतो. त्यामुळे यादीतली नोंद अशी दिसायला हवी:

‘रक्तपेढी – फोन उचलला – “आज संध्याकाळी सहापर्यंत मिळेल, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागेल” – तपासलं आज सकाळी 11:40 – पुन्हा विचारायचं दुपारी 2:00 – तपासणारा: गट क्र. 3’

वेळ नसलेली नोंद यादीत घेऊच नका. दोघांची जोडी करा: एक फोन करणारा, दुसरा नोंदणारा. पुन्हा विचारायची वेळ टळून गेली की नोंद लगेच फिकी करा किंवा वेगळ्या पानावर हलवा. एकाच ठिकाणी दहा-दहा स्वयंसेवक फोन करत राहिले तर तिथला माणूस कामच करू शकत नाही, म्हणून ठिकाणं आपसांत वाटून घ्या. पुढे पाठवताना मजकुराचा फोटो पाठवू नका, यादीची लिंक द्या. फोटो दुरुस्त होत नाही. आणि गरजू माणसाचं नाव, आजार, फोन नंबर कधीही सर्वांना दिसणाऱ्या यादीत टाकू नका. संकट ओसरतं, पण तो नंबर तिथेच राहतो आणि पुढे भलत्याच लोकांच्या हाती लागतो.

पायरी 7: जे ऑनलाइन नाहीत त्यांचा विचार

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2024 च्या अंदाजानुसार जगात सुमारे 5.5 अब्ज लोक इंटरनेट वापरत होते आणि 2.6 अब्ज लोक तेव्हाही बाहेर होते. नुसत्या लिंक पाठवून त्यांच्यापर्यंत पोहोचता येणार नाही.

किविक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर इथे कामाचं आहे. त्यात अख्खा विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो आणि नंतर इंटरनेटशिवाय वाचता येतो. इंग्रजीची चित्रांसह फाइल 100 जीबीच्या आसपास जाते, पण लहान भाषांच्या आणि निवडक विषयांच्या फाइली साध्या मेमरी कार्डावर मावतात. एखाद्या वाचनालयातल्या जुन्या संगणकावर हे बसवून देणं ही एका दिवसाची स्वयंसेवा आहे. फाइलवर उतरवल्याची तारीख मात्र ठळक लिहा आणि वर्षातून एकदा ती बदलायची जबाबदारी कुणाची, ते ठरवा.

दुसऱ्या बाजूने, ज्याच्याकडे फोन आहे पण अर्ज भरता येत नाही, त्याला मदत करताना फोन त्याच्याच हातात राहू द्या. तुम्ही बोट दाखवा, बटण त्याने दाबावं. वेळ तिप्पट लागतो. पण पासवर्ड आणि ओटीपी त्याच्याकडेच राहतात आणि पुढच्या वेळी त्याला तुमची वाट पाहावी लागत नाही.

पायरी 8: तास, प्रमाणपत्रं आणि त्यांची भूल

महाविद्यालयं तास मोजतात, नोकरीचे अर्ज पुरावा मागतात. प्रमाणपत्र हवंसं वाटणं यात काही गैर नाही. पण बक्षीस कामाच्या पुढे धावू लागलं की काय होतं ते 2020 च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. हॅक्टोबरफेस्ट या वार्षिक उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चार बदल सुचवणाऱ्यांना टी-शर्ट मिळायचा. ‘छान’, ‘अप्रतिम’ असे शब्द इकडेतिकडे घुसवून लोकांनी प्रकल्पांवर कचऱ्याचा पाऊस पाडला, आणि आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलून ज्या प्रकल्पांची संमती आहे तेवढेच धरावे लागले. त्याआधी, 2011 मध्ये, पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विकिपीडियावर लेख लिहिण्याचा उपक्रम झाला. विद्यार्थ्यांनी पुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे उतारे इतक्या मोठ्या प्रमाणात जसेच्या तसे उतरवले, की तो उपक्रम थांबवावा लागला आणि साफसफाई बाकीच्या स्वयंसेवकांच्या गळ्यात पडली. दोष एकट्या विद्यार्थ्यांचा म्हणता येणार नाही. ज्यांना संदर्भ देऊन आपल्या शब्दांत लिहायला कधी शिकवलंच नव्हतं, त्यांना गुणांची मुदत दिली गेली.

शिक्षक हा लेख वाचत असतील तर त्यांना एक विनंती: तास मोजू नका, टिकलेलं काम मोजा. विकिपीडिया, ओपनस्ट्रीटमॅप, आणि सॉफ्टवेअरचं काम जिथे मिळून केलं जातं ते गिटहब, या सगळ्यांवर प्रत्येकाच्या योगदानाचा इतिहास उघड दिसतो. तीन महिन्यांपूर्वी केलेला बदल आज जागेवर आहे की कुणी उलटवला, ते दोन मिनिटांत कळतं. विद्यार्थ्यांनीही रिज्युमेत ‘40 तास ऑनलाइन स्वयंसेवा’ असं लिहिण्याऐवजी काय केलं ते लिहावं: कोणत्या पुस्तकाची किती पानं तपासली, कोणत्या भागाचा नकाशा आखला, आणि त्याची लिंक.

पायरी 9: स्वतःची काळजी, थोडक्यात

खातं उघडताना खरं नाव, शाळा-कॉलेज, जन्मतारीख उघड करायची गरज नसते, टोपणनाव चालतं. स्वयंसेवेसाठी वेगळा ईमेल ठेवा आणि दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. 18 वर्षांखालच्यांनी घरच्या एका मोठ्या माणसाला काय करतोय ते सांगून ठेवावं आणि अनोळखी समन्वयकाशी खासगी चॅटवर न बोलता सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी बोलावं. ज्यांना मदत करता त्यांचे फोटो स्वतःच्या पानावर टाकू नका. अपघाताची, हिंसेची चित्रं तपासण्याचं काम असेल तर ते झोपण्यापूर्वी करू नका, आणि जड जायला लागलं तर सांगून सोडा.

पायरी 10: सोडताना

विद्यार्थी कधी ना कधी बाहेर पडणारच. परीक्षा येते, गाव बदलतं, नोकरी लागते. कॉलेजातले चांगले ऑनलाइन उपक्रम बंद पडतात ते बहुतेक वेळा एवढ्यावरूनच, की सगळ्या शीट एकाच्या खात्यात असतात आणि तो उत्तीर्ण होऊन निघून गेलेला असतो. म्हणून गटाच्या फाइली कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यात नकोत, सामायिक खात्यात हव्यात, आणि त्याचे हक्क निदान दोघांकडे. काम कसं करायचं हे एका पानावर लिहून ठेवा. नवीन आलेल्याला ते पान देऊन, तोंडी काही न सांगता, त्याला काम जमतं का ते बघा. जिथे तो अडतो तिथे पानात एक ओळ कमी आहे. अर्धवट राहिलेले चौकोन, पानं, नोंदी यांची यादी करा, घेतलेलं काम मोकळं करा, आणि नवीन माणसाने पहिली पाच कामं केल्यावर ती तपासून द्या. मग तुमचा प्रवेश काढून टाकायला सांगा.